हात पाठीमागे

रविवारी सकाळी नऊ वाजता आमच्या भागातील सार्वजनिक वाचनालयाचे दार उघडते, तेव्हा पायरीवर दोन प्रकारची माणसे उभी असतात. पहिला प्रकार जुना. वर्तमानपत्र इतरांच्या आधी आपल्या हाती पडावे म्हणून चपला काढून सज्ज असलेली ही मंडळी मी लहानपणापासून पाहत आलो आहे. दुसरा प्रकार अलीकडचा. त्यांच्या हाती कापडी पिशवी असते. पिशवीत पासबुक, आधार कार्डाची प्लास्टिकमध्ये घातलेली प्रत आणि रुमालात गुंडाळलेला मोबाइल. ही माणसे वर्तमानपत्रांच्या मेजाकडे वळत नाहीत. पूर्वी जिथे जुन्या दिवाळी अंकांचा ढीग पडलेला असे, त्या कोपऱ्यातील मेजापाशी येऊन ती हलक्या आवाजात विचारतात, "ते मोबाइलचे मास्तर आले का?"

ते मास्तर म्हणजे प्रस्तुत लेखक. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या आणि सरकारी शाळेत मुख्याध्यापकी करणाऱ्या माणसाला पन्नाशी उलटल्यावर अशी उपाधी मिळावी, हा दैवाचा विनोदच म्हणावा लागेल. यंत्राची मला उपजत आवड मुळीच नाही. शाळेची हजेरी, शिष्यवृत्तीचे अर्ज, वरिष्ठांकडे पाठवावयाचे तक्ते असे सारे एकेक करून संगणकावर गेले, तेव्हा माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान असलेल्या एका सहशिक्षिकेपाशी मला विद्यार्थी होऊन बसावे लागले. त्या बाईंनी माझ्या चुकांना कधी हसण्यावारी नेले नाही, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे माझ्या हातातून माऊस कधी काढून घेतला नाही. या दुसऱ्या गोष्टीचे मोल मला पुढे फार उशिरा कळले. ते कसे, हेच या लेखात सांगावयाचे आहे.

बडोद्यात राहणाऱ्या माणसाने ग्रंथालयाविषयी लिहावयास घेतले, म्हणजे महाराज सयाजीराव गायकवाडांचे नाव टाळून पुढे जाता येत नाही. पण ते येथे केवळ अभिमानाने घेत नाही, त्याला कारण आहे. महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेली भागात सुरू केला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानभर लागू केला. शाळेत चार इयत्ता शिकून बाहेर पडलेल्या मुलाच्या हाती पुढे पुस्तकच पडले नाही, तर तो शिकलेले विसरून जाईल, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालास पाचारण करून त्यांनी संस्थानचे ग्रंथालय खाते उभे केले. गावाने वाचनालयासाठी वर्गणी जमवावी आणि तेवढीच भर प्रांत पंचायतीने व सरकारनेही घालावी, अशी व्यवस्था होती. जिथे वाचनालय निघणे शक्य नव्हते, तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या फिरत असत. इतके आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेले असते. कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की, या खात्याची एक शाखा ज्यांना अक्षरओळखच नाही अशा लोकांसाठी होती. सरकत्या चित्रांचे कंदील, चलच्चित्रे यांच्या साहाय्याने ती निरक्षरांपर्यंत ज्ञान नेत असे. ज्याला वाचता येत नाही तोदेखील ग्रंथालयाचा हक्काचा माणूस आहे, हा विचार आपल्या शहरात शंभर वर्षांपूर्वी रुजलेला होता. रुमालात मोबाइल गुंडाळून पायरीवर उभ्या राहिलेल्या काकूंना पाहिले की मला त्या शाखेची आठवण होते.

कामाला सुरुवात अगदी सहज झाली. २०२२ सालच्या पावसाळ्यात मी पुस्तक बदलण्यासाठी गेलो असता, ग्रंथपाल एका वृद्ध गृहस्थांच्या मोबाइलशी झटत बसले होते आणि पाठीमागे पुस्तके घेतलेल्यांची रांग खोळंबली होती. मी तो मोबाइल घेतला, बाजूला बसलो आणि दहा मिनिटांत त्यांचे वीजबिल भरून दिले. पुढल्या रविवारी ते गृहस्थ आणखी दोघांना घेऊन आले. ग्रंथपालांनी कोपऱ्यातील मेज मोकळे करून दिले. आमच्या शाळेतून बाहेर पडून महाविद्यालयात गेलेले चार विद्यार्थी व एक निवृत्त तारखात्यातील सद्गृहस्थ असे आम्ही सहा जण झालो. रविवारी नऊ ते साडेअकरा ही वेळ ठरली. फी अर्थातच नाही. चहाचा खर्च ज्याचा त्याने करावयाचा, हा नियम मात्र कोणी पाळत नाही, कारण येणारी प्रत्येक आजी डब्यात काहीतरी घेऊन येते.

शिकवू लागल्यावर पहिला शोध लागला तो असा की, या माणसांना कळत नाही असे काही नसते. त्यांना लिपी अपरिचित असते. आपल्या आजोबा-पणजोबांनी मोडी जाणून बालबोध आत्मसात केली, बडोद्यात येऊन गुजरातीही वाचू लागले. मोबाइलचा पडदा ही तशीच आणखी एक लिपी होय. तिची मुळाक्षरे चित्रांची आहेत. दातेरी चक्र म्हणजे मोबाइलची मांडणी बदलण्याची जागा, एकाखाली एक तीन ठिपके म्हणजे 'आणखी पर्याय येथे आहेत', भिंग म्हणजे शोध, डावीकडे वळलेला बाण म्हणजे मागे फिरा. जे जन्मापासून ही चित्रे पाहतात त्यांना ती अर्थाहून निराळी दिसतच नाहीत, आणि म्हणूनच 'एवढे सोपे कसे कळत नाही' असे ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारतात. मी माझ्या स्वयंसेवकांना त्यावर एक गंमत सांगतो. आमच्या शाळेतील चौथीच्या एका मुलाने, फोन घेण्याच्या हिरव्या खुणेत काढलेली ती वाकडी वस्तू काय आहे, असे मला विचारले होते. तारेच्या टेलिफोनचा रिसीव्हर त्याने जन्मात पाहिला नव्हता. आमच्या आज्यांना ती एकच खूण मात्र पहिल्या दिवशी, न सांगता ओळखता येते.

दुसरा शोध बोटांचा. येणारी बहुतेक वयस्क माणसे पडद्यावर नखाने टोचतात किंवा जुन्या बटणांच्या फोनप्रमाणे जोराने दाबतात. मग काहीच होत नाही, किंवा नको ते होते. हा पडदा जोर ओळखत नाही. त्वचेतून वाहू शकणारी अत्यल्प वीज त्याला कळते. नखातून ती जात नाही, आणि फार कोरड्या पडलेल्या बोटाचा स्पर्शही त्याला नीट उमगत नाही. बोटाच्या पेराचा मऊ भाग हलकेच टेकवून लगेच उचलावा, एवढे सांगितले की निम्मी रड संपते. ज्यांचे हात कापतात, त्यांच्या मोबाइलमध्ये स्पर्शाचा अवधी वाढविण्याची सोय असते. अक्षरे मोठी करता येतात. आणि मोबाइलची सारी भाषा मराठी करता येते, ही गोष्ट तर इथल्या कित्येक मराठी घरांत कोणालाच ठाऊक नसते. आपला मोबाइल आपल्याशी मराठीत बोलू लागलेला पाहून वाडीतील एका आजोबांनी त्याला नमस्कार केला, तो प्रसंग मी विसरणार नाही.

असा सारा कौतुकाचा मामला चालू असताना २०२३ सालचा नोव्हेंबर महिना आला. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना दर वर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. ऐंशी वर्षांवरील वृद्धांना तो ऑक्टोबरपासून देता येतो. हा दाखला कागदाऐवजी जीवन प्रमाण या व्यवस्थेतून देण्याची सोय २०१४ साली झाली. पूर्वी त्यासाठी बोटाचा ठसा यंत्रावर उमटावा लागे. पण जन्मभर भांडी घासलेल्या आणि धुणी धुतलेल्या हातांच्या रेषा झिजून गेलेल्या असतात आणि यंत्र त्यांना ओळखीत नाही. २०२१ सालापासून मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे चेहरा धरूनही तो देता येऊ लागला. आमच्या मेजापाशी त्या महिन्यात रांग लागली. रेल्वेचे शहर हे. रेल्वेतून निवृत्त झालेल्यांची आणि त्यांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या स्त्रियांची येथे वाण नाही.

त्यांतल्याच एक काकू. वय चौऱ्याहत्तर. यजमान रेल्वेत होते, ते जाऊन नऊ वर्षे झाली होती. मुलगा परगावी. त्या आल्या तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि त्यांच्या मागे सात माणसे होती. मी त्यांचा मोबाइल घेतला. आधार क्रमांक घातला, निवृत्तिवेतनाच्या आदेशाचा क्रमांक घातला, पासबुकावरून खात्याचा क्रमांक घातला. मग म्हणालो, "काकू, आता मोबाइलवर एक आकडा येईल. तो मला वाचून दाखवा." त्यांनी चश्मा सावरून सहा आकडे स्पष्ट वाचले. मी ते घातले. उजेडाकडे तोंड करून त्यांना बसविले, पापण्या मिटून उघडावयास सांगितल्या, आणि पाच-सात मिनिटांत दाखला गेला. काकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरविला. बँकेच्या दारात तीन तास उभे राहण्याऐवजी हे झाले, म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. त्या दिवशी आम्ही तेवीस दाखले पाठविले. घरी जाताना मी मनात तो आकडा दोनदा मोजला, हे कबूल केले पाहिजे.

२०२४ च्या जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या रविवारी काकू पुन्हा आल्या. हातात पिशवी नव्हती. पायरीवरच बसून राहिल्या. दोन दिवसांपूर्वी त्यांना फोन आला होता. बोलणारा मुलगा फार सभ्य होता, 'माताजी' म्हणत होता. तुमच्या हयातीच्या दाखल्यात एक त्रुटी राहिली आहे, ती आज दुरुस्त झाली नाही तर पेन्शन बंद होईल, असे त्याने सांगितले. एटीएम कार्डावरचे आकडे त्याने विचारून घेतले. मग म्हणाला, आता मोबाइलवर एक आकडा येईल, तो मला वाचून दाखवा. काकूंनी वाचून दाखविला. आणखी एक आला, तोही वाचला. एक्केचाळीस हजार रुपये गेले.

"अहो, पण असा आकडा कोणाला सांगू नये, असे त्या संदेशातच लिहिलेले असते," मी म्हणालो. शिक्षकाच्या जिभेला खोड असते. समोरचा माणूस रडत असतानाही ती चूक दाखविल्याशिवाय राहत नाही.

काकूंनी वर पाहिले. त्यांच्या स्वरात राग नव्हता, नवल होते. "पण मास्तर, तुम्हीही तसंच केलं होतंत ना?"

मला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही. १९३० या सरकारी क्रमांकावर आम्ही लगेच फोन करून तक्रार नोंदविली. पण तोवर दोन दिवस उलटले होते, आणि अशा प्रकरणात पैसे पुढच्या खात्यात पोहोचण्याआधी पहिल्या काही तासांत कळविले तरच ते अडविण्याची आशा अधिक असते. साडेनऊ हजार रुपये एका खात्यात गोठविता आले, ते पुढे कित्येक महिन्यांनी परत मिळाले. बाकीचे गेले ते गेलेच. काकूंनी मुलाला आधी सांगितले नाही. सांगितल्यावर त्याने मोबाइल काढून घेऊन साधा, बटणांचा फोन आणून दिला. त्याचा हेतू चांगलाच होता. पण काकूंच्या दृष्टीने तो निकाल होता, आणि त्या खटल्यात मीही आरोपी होतो.

त्यानंतरचे दोन रविवार मी वाचनालयात गेलो नाही. घरात बसून वाटले, सोडून द्यावे हे. आपल्या शाळेचे काम काय थोडे आहे? या दिवसांत मला एक गोष्ट स्वच्छ दिसू लागली. पूर्वी कचेरीच्या आवारात अर्जनवीस बसत आणि टपाल कचेरीच्या ओट्यावर पैसे घेऊन पत्रे लिहून देणारे. निरक्षर माणूस आपले सारे गुपित, कर्ज, सोयरीक, भाऊबंदकी त्या परक्या माणसाला सांगे आणि त्याने काय लिहिले हे कळण्याचे साधन नसताना अंगठा उठवी. गावोगावच्या शाळा आणि वाचनालये निघाली, ती तशा अंगठ्याची गरज उरू नये म्हणून. आणि मी त्याच वाचनालयात मेज मांडून नवा अर्जनवीस होऊन बसलो होतो. फी घेत नव्हतो, एवढाच फरक. तेवीस दाखल्यांमागे मी तेवीस माणसांना एक धडा पक्का शिकविला होता: जाणता आणि गोड बोलणारा माणूस दिसला की मोबाइल त्याच्या स्वाधीन करावा आणि आकडा मोठ्याने वाचावा. चोराला अर्धे काम आयते मिळाले.

तिसऱ्या रविवारी मी गेलो आणि मेजावर पुठ्ठ्याची पाटी लावली. तीवर दोनच शब्द लिहिले: हात पाठीमागे. हा नियम येणाऱ्यांसाठी नव्हे, आमच्यासाठी आहे. स्वयंसेवकाने शिकणाऱ्याच्या मोबाइलला हात लावावयाचा नाही. तोंडाने सांगावे, स्वतःच्या मोबाइलवर करून दाखवावे, कागदावर खूण काढून द्यावी; बोट मात्र ज्याचे त्याचे. गुप्त आकडा आला की स्वयंसेवकाने तोंड फिरवून बसावयाचे. तो कोणी मोठ्याने वाचू लागले तर तिथेच थांबवावयाचे. आमच्या वहीत आलेल्याचे नाव व काय शिकला एवढेच लिहिले जाते. कोणताही क्रमांक नाही.

हा नियम सांगावयास सोपा आणि पाळावयास फार कठीण आहे. जे काम आपण सात मिनिटांत उरकतो, त्याला पाऊण तास लागतो. रांगेतील माणसे कुरकुरतात. 'तुमची ही शाळा राहू द्या, माझे बिल तेवढे भरा' असे म्हणणारे भेटतात. एका गुजराती शेठजींनी तर दर विचारला. एका सकाळी जिथे तेवीस माणसांचे काम होई, तिथे आता सहा-सात जणांचे होते. माझ्या तरुण सहकाऱ्यांची बोटे शिवशिवतात. 'द्या इकडे' हे दोन शब्द त्यांच्या ओठांवर असतात. घरोघरी नातवंडांच्या तोंडी तेच शब्द 'दे इकडे' असे असतात, आणि घरातील म्हाताऱ्या माणसाचे शिक्षण तिथेच संपते. आमच्यातील एका मुलीने यावर तोड काढली. ती शिकविताना स्वेटर विणीत बसते.

आणि तरीही एक अपवाद मी ठेवला आहे, तो प्रामाणिकपणे सांगतो. ज्यांची दृष्टी गेली आहे, किंवा पक्षाघाताने ज्यांचे हात चालत नाहीत, त्यांना 'स्वतः शिका' म्हणणे क्रूरपणा होय. त्यांचे काम आम्ही करतो. पण घरातील विश्वासू माणूस शेजारी असल्याशिवाय नाही.

कोणी म्हणेल, हे सरकारचे काम. सरकारने ते केलेच नाही असे नाही. प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान २०१७ साली सुरू झाले आणि २०२४ च्या मार्चअखेर संपले. ग्रामीण भागातील सहा कोटी घरांतून एकेकाला शिकवावे, असे त्याचे उद्दिष्ट होते. वीस तासांचा अभ्यासक्रम होता. परंतु वयाची मर्यादा होती चौदा ते साठ. म्हणजे शहरातील माणूस त्यातून वगळलेला, आणि साठी ओलांडलेला माणूस खेड्यातला असला तरी वगळलेला. आमच्या मेजापाशी जे येतात, त्यांतील बहुतेक या दोन्ही कारणांनी त्या योजनेच्या बाहेरचे. शिवाय वीस तासांत जे शिकविले, ते सहा महिन्यांनी मोबाइलचा पडदा बदलला की पुन्हा विचारावयाला माणूस लागतो. तो माणूस ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, हटकून सापडला पाहिजे. अशी जागा गावात वाचनालयाहून दुसरी मला दिसत नाही. दुकानात काही विकत घ्यावे लागते, बँकेत घाई असते, घरात लाज वाटते. वाचनालयात माणूस अडाणी म्हणून जात नाही. वाचक म्हणून जातो.

बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद अशा ठिकाणी आपल्या मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली मराठी वाचनालये आहेत, आणि वाचक कमी झाले ही त्यांतील बहुतेकांची तक्रार आहे. तिथल्या निवृत्त शिक्षकांनी आणि महाविद्यालयीन मुलांनी आठवड्यातून एक सकाळ हे मेज मांडून पाहावे. खर्च फारसा नाही. दोन बाक, एक वही, विजेचे एक बटण आणि भरपूर सहनशीलता पुरते. मात्र पहिल्या दिवसापासून दाखले पाठविण्याच्या मागे लागू नये. पहिला दिवस बोट टेकविण्यात आणि अक्षरे मोठी करण्यात गेला तर तो वाया गेला असे समजू नये. दुसरे असे की, फसवणूक कशी होते हे भाषणातून सांगून भागत नाही. आम्ही महिन्यातून एकदा तिचे नाटक करतो. आमचे तारखात्यातील गृहस्थ पोलीस अधिकारी होऊन, 'तुम्हाला मोबाइलवरून अटक झाली आहे, खोलीबाहेर पडू नका' असे दरडावतात, आणि आज्यांनी फोन ठेवून द्यावयाचा असतो. अशी अटक कायद्यात कुठेच नाही, हे सांगून पटत नाही. फोन ठेवण्याचा सराव झाला की पटते. पहिल्या खेपेस नऊपैकी सहा आज्या त्यांना भिऊन उत्तरे देत बसल्या होत्या, तीही ते आपलेच शेजारी आहेत हे माहीत असताना.

काकूंच्या घरी मी २०२४ च्या गणपतीत गेलो. बोलावणे नव्हते, दर्शनाच्या निमित्ताने गेलो. मुलगा आला होता. त्याच्याशी तासभर बोललो, माझी चूक सांगितली, पाटीविषयी सांगितले. तो फारसे बोलला नाही. निघताना काकूंनी प्रसाद हातावर ठेवला आणि विचारले, "रविवारी अजून असता का?"

दसऱ्यानंतर त्या येऊ लागल्या. मोबाइल तोच, मुलाने परत दिलेला. पहिले तीन रविवार त्यांनी फक्त आलेला संदेश उघडणे, वाचणे आणि पुसणे एवढेच केले. चौथ्या रविवारी अनोळखी क्रमांक अडवावयास शिकल्या आणि त्याच बैठकीत चुकून आपल्या भाचीलाही अडविले. नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी त्या चश्म्याची पेटी, पासबुक आणि क्रमांक लिहिलेला कागद अशी तयारी करून मेजापाशी बसल्या. मी हात पाठीमागे बांधून शेजारी उभा राहिलो. आधार क्रमांक दोनदा चुकला. बोट थरथरत होते, तरी नखाने टोचणे मात्र सुटले होते. पन्नास मिनिटे झाली. मग मोबाइल वाजला आणि पडद्यावर संदेश उतरला.

काकूंनी मोबाइल पदराआड घेतला.

"आकडा आलाय, मास्तर. तुम्ही जरा तिकडे तोंड करा."

मी कादंबऱ्यांच्या कपाटाकडे वळलो.